मोजणी

पल्याडपुरात त्या रात्री एकदम एवढी माणसं वारली की शववाहिन्यांचीच कोंडी झाली. घराघरावर कवटीची चिन्हं लुकलुकत होती आणि स्मशानातून निघालेल्या गाड्या मुख्य चौकाच्या अलीकडे एकामागे एक खोळंबल्या होत्या. अण्णा माझ्या मागे आरामखुर्चीत बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काय रे, साथ आली का गावात?"

साथ नव्हती. आदल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी नदीपलीकडे एका बैठकीत मोठी वस्ती आखली होती. तिथे राहायला आलेली सगळी बिऱ्हाडं साधारण एकाच वयाची. ती एकत्र म्हातारी झाली आणि एकत्र गेली. पल्याडपूर म्हणजे लॅपटॉपवरच्या एका गेममध्ये मी वसवलेलं शहर, आणि हा गेम खेळणाऱ्या सगळ्यांच्या नशिबी ही मरणाची लाट कधी ना कधी येतेच. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या बॅचसारखं. एकदम भरती, एकदम रिटायर."

अण्णा म्हणजे माझे वडील. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्य सगळं खडी, डांबर, मोऱ्या आणि साईडपट्ट्यांत गेलं. आई गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात वारज्याला असतात. रात्री त्यांना लवकर झोप येत नाही, मला जेवणानंतर तासभर लॅपटॉप लागतो, त्यामुळे आमची ही जोडी जमली. मी शहर वसवतो, ते मागून बघतात. सुरुवातीला पेपर वाचता वाचता बघायचे. नंतर पेपर बाजूला पडला.

गेमचं नाव 'सिटीज : स्कायलाइन्स'. २०१५च्या मार्चमध्ये आला. फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या 'कलॉसल ऑर्डर' नावाच्या अगदी लहान चमूने तो बनवला. त्याआधी त्यांनी बस-ट्राम चालवण्याचे दोन गेम केले होते, आणि ते मूळ लपत नाही. शहर वसवण्याचे गेम पूर्वीही होते, पण तिथे गर्दी म्हणजे बहुतेक वेळा हिशेबातला एक आकडा आणि रस्त्यावर शोभेपुरत्या गाड्या. इथे प्रत्येक गाडीत कुणीतरी असतं. त्या गाडीवर टिचकी मारली की नाव कळतं, घर कळतं, कुठे निघालाय ते कळतं. या गेममध्ये तुम्ही कर लावता, शाळा बांधता, पाण्याच्या नळ्या टाकता, पण खरा गेम एकच : रस्ता. बाकी सगळं निभतं. रस्ता चुकला की आग विझवणारा बंब पोचत नाही, कचरा उचलला जात नाही, दुकानात माल येत नाही आणि महिन्याभरात भरलेली पेठ ओस पडते. पडद्याच्या वरच्या बाजूला एक निळा पक्षी बसलेला असतो, तो नागरिकांच्या तक्रारी चिवचिवत राहतो. अण्णांना तो पक्षी पहिल्या दिवसापासून आवडत नाही. "ह्याला कुणी नेमला?" असं त्यांनी विचारलं होतं.

बायकोचा प्रश्न वेगळा आहे. मी वारज्याहून हिंजवडीला जातो, रोज. दीड तास जाताना, कधी दोन तास येताना. "दिवसभर कोंडीत बसून पोट भरत नाही, म्हणून घरी येऊन आणखी कोंडी बघतोस?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की बायपासवर मला पुढच्या ट्रकची नंबरप्लेट आणि 'आईचा आशीर्वाद' एवढंच दिसतं. गेममध्ये तीच कोंडी मी वरून बघतो. रांगेचं शेपूट दिसतं, तोंड दिसतं, आणि ते तोंड नेमकं कशापाशी अडलंय तेही दिसतं. मी रोज ज्याच्या पोटात असतो तो अजगर आख्खा बघायला मिळतो, एवढं समाधान मला पुरतं.

तर पल्याडपुरात माझा अडलेला चौक होता सात नंबरचा. हे नंबर अण्णांनी दिले होते. नाव नसलेल्या चौकाबद्दल बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हायवेवरून उतरलेला रस्ता या चौकात येतो. डाव्या हाताला कारखान्यांचा पट्टा, उजवीकडे बाजार, समोर वस्ती. गेम सुरू करताना रहदारी डावीकडून ठेवायची की उजवीकडून ते निवडता येतं, मी अर्थातच डावीकडून ठेवली होती. वस्ती दहा हजारांच्या पुढे गेली तशी सात नंबरची रांग वाढायला लागली. नकाशावरचा हिरवा रस्ता पिवळा झाला, मग नारिंगी, मग लाल.

मी जे केलं ते कुणीही करतो. रस्ता रुंद केला.

हे रुंद करणं गेममध्ये कसं होतं ते सांगायला हवं, कारण अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले होते. जमीन चौकटींत विभागलेली असते, एक चौकट आठ मीटरची. साधा दोन लेनचा रस्ता दोन चौकटी रुंद, म्हणजे सोळा मीटर. चार किंवा सहा लेनचा रस्ता चार चौकटी, बत्तीस मीटर. दोन लेनच्या रस्त्यावर मोठ्या रस्त्याचा ब्रश फिरवला की दोन्ही बाजूंनी एकेक चौकट गिळली जाते. त्या आठ मीटरांत जे असेल ते जातं. थोडी धूळ उडते, घर नसतं. पैसे कापले जातात रस्त्याचे, घराचे नाहीत. मागे जागा उरली असेल तर थोड्या वेळाने तिथे नवं घर आपोआप उगवतं, नवी माणसं राहायला येतात. जुन्या माणसांना गेम दुसरीकडे घर बघून देतो किंवा ती शहर सोडून जातात.

मी ब्रश फिरवला. ओळीने सतरा-अठरा घरं उडाली.

अण्णा म्हणाले, "नोटीस?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणजे रागावले वगैरे नव्हते, नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "आठ मीटर म्हणजे फार झाले रे. आपले दोनच गेले होते."

आमचं घर तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्यावर आहे. आजी असेपर्यंत ते आजीचं घर होतं. पुढे दगडी ओटा, दोन लाकडी खांब, वर कौलं. ओटा रस्त्याला अगदी लागून, त्यामुळे तो निम्मा आमचा आणि निम्मा गावाचा. बाजारच्या दिवशी पाट्या डोक्यावरून उतरवून बायका तिथे टेकायच्या. एसटी चुकलेली माणसं दुसरी येईपर्यंत बसायची. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर वाघबकरीचा पट कोरलेला होता. तो कुणी कोरला ते अण्णांनाही माहीत नाही. त्यांच्या लहानपणीच रेघा झिजलेल्या होत्या. आम्ही चिंचोके घेऊन खेळायचो. आमच्या घरातला तो पहिला गेम, असं म्हणायला हरकत नाही. त्यात सगळी मजा कुठली वाट बंद करायची आणि कुठली मोकळी ठेवायची याचीच असते.

१९९४च्या उन्हाळ्यात रस्तारुंदी आली. रस्ता आठ मीटरचा होता, विकास आराखड्यात बारा दाखवला होता. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. मोजणीवाले आले, त्यांनी खांबावर लाल रंगाने बाण काढला. बाण ओट्याच्याही आत, भिंतीपासून वीतभर अलीकडे होता. अण्णा रजा काढून आले होते. मी नववीत होतो, मला वाटलं अण्णा सरकारी माणूस आहेत, रस्त्याचेच आहेत, ते काहीतरी करतील. त्यांनी काय केलं, तर टेपचं शून्याकडचं टोक धरलं. मोजणाऱ्या माणसाला म्हणाले, "नीट ताणा, झोळ येतोय." ओटा काढायला गडी आले तेव्हा त्यांना सांगितलं की भिंतीचा पाया ओट्याखाली एवढा बाहेर आलाय, घण घालू नका, पहारीने एकेक दगड सुटा करा. दुपारभर उभे होते. भिंतीला तडा गेला नाही. जागेच्या बदल्यात वर बांधायला एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी मिळेल, असं आजीला कुणीतरी समजावून सांगत होतं. आजी म्हणाली, "वर कोण राहणार?"

वाघबकरीचा दगड अण्णांनी बाजूला काढून ठेवला. तो अजून परसात आहे, नळाखाली. त्यावर कपडे धुतात.

त्या रुंद रस्त्याचं पुढे काय झालं हे गावाकडे गेलं की दिसतं. दोन्ही बाजूंचे ते साडेसहा-साडेसहा फूट आता उभ्या गाड्यांचे आहेत. एका बाजूला मोटारी, एका बाजूला मोटारसायकली, मध्ये एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. चालता रस्ता पूर्वी होता तेवढाच आठ मीटरचा. समोरून एसटी आली की आजही रिक्षावाल्याला मागे जावं लागतं.

गेममध्ये हे होत नाही. तिथे पार्किंग हा मोठा विनोद आहे. जागा नाही मिळाली तर माणूस गाडी खिशात घालून निघून जातो. खेळणारे त्याला खिशातली गाडीच म्हणतात. कुणी उलट्या दिशेने येत नाही, हातगाडी नाही, रस्त्यात बसलेली म्हैस नाही, केबल टाकायला खोदाई नाही. आणखी एक सोय : फार वेळ अडकून पडलेली गाडी गेम आपणहून गायब करतो. कोंडी हाताबाहेर जाऊ नये म्हणून केलेली ही दया आहे. हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "हे बरंय. चांदणी चौकात चालू करा म्हणावं." मी मात्र ती दया बंद करून खेळतो. खेळणाऱ्यांनीच लिहिलेली जादाची एक सोय आहे, तिच्यात तसं बटण आहे. त्याशिवाय आपला रस्ता खरंच चालतोय की गाड्या नुसत्याच विरघळताहेत, हे कळत नाही.

तर एवढी घरं उडवून सहा लेनचा रस्ता केला आणि कोंडी जशीच्या तशी राहिली. जशीच्या तशीही नाही. पूर्वी एका लेनमध्ये रांग होती. आता जायच्या बाजूला तीन लेन झाल्या आणि रांग तरीही एकाच लेनमध्ये, उजवीकडच्या. बाकी दोन लेन धुतल्यासारख्या स्वच्छ. नव्याने खेळायला लागलेल्या प्रत्येकाने हे दृश्य बघून कपाळाला हात लावलेला असतो. तीन लेन दिल्यात ना रे बाबांनो, मग पसरा की!

पण ते मूर्ख नसतात. गेममधली गाडी घरातून निघतानाच सगळा मार्ग ठरवते : कुठल्या रस्त्याने, कुठल्या चौकात, कुठल्या लेनमधून. पुढे उजवीकडे वळायचं असेल तर ती आधीपासून उजव्या लेनमध्ये जाऊन उभी राहते. समोर गर्दी दिसली म्हणून बेत बदलत नाही. म्हणजे ती एक लेन भरलेली दिसते तेव्हा ती लेन आपल्याला सांगत असते की इथल्या बहुतेक सगळ्यांना पुढे एकाच ठिकाणी जायचंय. रस्ता कितीही रुंद करा, ते ठिकाण एकच आहे. हायवेवरून एक लेन फुटते तिथेही हाच हिशेब असतो. तीन लेन येत असतील तर एक बाहेर काढावी आणि पुढे दोनच न्याव्यात. दोन लेन येऊन मिळत असतील तर पुढे तेवढ्या जास्त लेन हव्यात. हा लेनचा ताळेबंद जुळला नाही तर तिथे गाड्या आडव्या सरकायला लागतात आणि एक आडवी गाडी मागच्या चाळीस थांबवते.

मला हे शिकायला काही महिने लागले. अण्णांना एक संध्याकाळ लागली. ते म्हणाले, "तू चौक बघतोयस. मागे जा. हे आले कुठून ते बघ."

अण्णांच्या उमेदवारीत वाहतूक गणना म्हणून एक काम असायचं. इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक असा की वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास, रस्त्यावरून काय काय गेलं ते मोजायचं. रस्त्याकडेला झाडाखाली पाल ठोकायचं, कंदील टांगायचा, पाळ्या लावून मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचे मजूर, बसवायचे. कागदावर रकाने : मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सायकल, बैलगाडी. एक वाहन गेलं की एक काडी. चार उभ्या काड्या झाल्या की पाचवी आडवी. आमच्या भागात एक गणना हटकून गळिताच्या हंगामात यायची. तेव्हा रात्ररात्रभर उसाच्या बैलगाड्या चाललेल्या असत, एकीच्या मागे एक, खाली टांगलेले कंदील हलत.

आणि त्या बैलगाडीचं वजन कागदावर फार मोठं होतं. सगळ्या वाहनांचं रूपांतर शेवटी मोटारीत करायचं असतं, रस्ता किती भरला ते कळायला. मोटार म्हणजे एक. मोटारसायकल अर्धी. ट्रक आणि बस तीन. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी आठ! लहान असली तर सहा. जागा व्यापते म्हणून आठ नाही; ती जेवढा वेळ रस्त्यावर राहते आणि मागच्यांना जेवढं थांबवते त्याचे ते आठ. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी अण्णांना म्हणालो, की म्हणजे ऊसवाल्यांच्या पन्नास गाड्या गेल्या तर चारशे मोटारी गेल्यासारखं? ते म्हणाले, "आणि त्या पन्नास गाड्या कारखान्याच्या गेटवर अडल्या, की आमच्या रस्त्यावर बसल्या. रस्त्याचा काही दोष नाही. काटा एकच."

काटा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. दोन मैलांवरची कोंडी त्या एका काट्यामुळे. हे ते मला पन्नास वेळा सांगून चुकले असतील, पण पल्याडपुरातली रांग समोर नसती तर माझ्या डोक्यात शिरलं नसतं.

गणनेतली त्यांची आवडती गोष्ट वेगळी आहे. एका पहाटे त्यांनी कागद तपासले. दिवसाच्या काड्या वेड्यावाकड्या, कुठे खोडलेल्या, कुठे दोन रकान्यांच्या मधेच मारलेल्या. रात्री दोन ते चारच्या रकान्यात मात्र सगळ्या काड्या सरळ, सारख्या अंतरावर, मोत्यासारख्या. अण्णांनी बसलेल्या माणसाला विचारलं, "किती वाजता झोपलास?" तो म्हणाला, "दोनला, साहेब." त्यालाही कळलं नव्हतं की आपण कशात सापडलो.

या गेममधला माझा सगळ्यात लाडका भाग त्यामुळे चौक बांधण्याचा नाही, चौकशीचा आहे. कुठल्याही रस्त्यावर टिचकी मारली की त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांचे मार्ग नकाशावर रेघांनी उमटतात. कुठून निघाले, कुठे चालले. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी गेम थांबवून दहा मिनिटं नुसता बघत होतो. हिंजवडीच्या रस्त्यावर असं एकदा टिचकी मारता आलं तर काय काय दिसेल!

बाकी युक्त्या सांगायच्या तर पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बऱ्याच त्याच एका गोष्टीला लागून येतात. रस्त्यांची उतरंड हवी : हायवेला घरं चिकटवू नयेत, हायवेवरून मोठ्या रस्त्यावर, तिथून मधल्यावर, तिथून गल्लीत. ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या अहवालाने १९६३ साली ही गोष्ट ठासून सांगितली होती, आणि गेमचे खेळाडू ती आजही एकमेकांना नवीन शोध लागल्यासारखी सांगत असतात. दोन चौक फार जवळ असू नयेत, नाहीतर एकाची रांग दुसऱ्यात शिरते. आणि गोलाकार चौक. अण्णा त्याला रोटरीच म्हणतात. त्यांनी एकदा पेपरच्या समासात काढून दाखवलं : साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, एका लेनच्या रोटरीत फक्त ८ ठिकाणी. काढून झाल्यावर म्हणाले, "पण आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, हे बाहेरच्याने मानलं तरच." ब्रिटनने १९६६ साली हा नियमच केला आणि तेव्हापासून तिथले गोल चौक चालायला लागले. गेममधला माणूस मानतो. आपल्याकडे रोटरीत शिरणं हा धाडसाचा प्रकार आहे.

सगळ्यात विचित्र वाटलं ते रस्ता काढून टाकल्यावर कोंडी कमी होणं. ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की जो तो स्वतःपुरती जवळची वाट धरत असेल, तर नवा रस्ता टाकल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. सोलमध्ये शहराच्या मधोमध असलेला उन्नत महामार्ग २००३ ते २००५मध्ये पाडून खालचा झाकलेला ओढा मोकळा केला, आणि शहर काही ठप्प झालं नाही. मी पल्याडपुरात बाजारामागची एक जोडगल्ली उडवली आणि वाहतुकीचा आकडा, जो कोपऱ्यात टक्क्यांत दिसतो, एकाहत्तरवरून अठ्ठ्याहत्तरवर गेला. अण्णांचा विश्वास बसला नाही. ती गल्ली परत जोडायला लावली. आकडा घसरला. मग म्हणाले, "असेल बुवा," पण ते 'असेल' मला फारसं पटल्यासारखं वाटलं नाही.

चांदणी चौकातला जुना पूल पाडला त्या रात्री, म्हणजे १ ऑक्टोबर २०२२च्या, अण्णा एक वाजून गेला तरी टीव्हीसमोर होते. स्फोट झाला, धुरळा उडाला, आणि धुरळा खाली बसल्यावर दिसलं की पूल पुरता पडलेलाच नाही. उरलेला पुढे यंत्रांनी तोडावा लागला. माझ्यासारखा माणूस यावर विनोद करतो. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र बांधणाऱ्याबद्दल जवळजवळ अभिमान होता. वर्षभरात तिथे नवा पूल आणि रस्त्यांचा गुंता उभा राहिला, आणि खरंच सांगतो, मी आता चांदणी चौकात थांबत नाही. भूमकर चौकात थांबतो.

मला हे लिहिताना जाणवतंय की मी अण्णांना फार शहाणं करून दाखवतोय. ते तसे नाहीत. मेट्रो म्हटलं की त्यांना अजून बोगद्यात पाणी शिरेल असं वाटतं. गेममध्ये ट्राम घालायची म्हटलं तर "रस्ता कशाला खराब करतोस" म्हणाले होते. आणि सायकलसाठी वेगळी पट्टी हा त्यांच्या मते चोचला आहे. या तिन्ही बाबतींत पल्याडपूर माझ्या बाजूने आहे.

गेल्या महिन्यात मला कामासाठी चार दिवस बंगलोरला जावं लागलं. अण्णांना त्याआधी मी फक्त गेम उघडणं आणि स्पेस बार दाबून थांबवणं-चालवणं शिकवलं होतं. माऊस त्यांच्या हाताला बसत नाही, कंप आहे. परत आलो तर लॅपटॉपखाली महिना संपलेल्या कॅलेंडरचं पान ठेवलेलं. उलट बाजूला फूटपट्टीने आखलेला तक्ता. डोक्यावर 'चौक क्र. ७, पल्याडपूर', खाली तारीख. प्रत्येक बाजूचे तीन भाग : डावीकडे, सरळ, उजवीकडे. त्यात काड्या. चालवायचं, थोडं जाऊ द्यायचं, थांबवायचं, काड्या मारायच्या. असं किती तास चाललं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. "आता झोप नसतेच," म्हणाले. काड्या अगदी गबाळ्या होत्या. काही दोन रकान्यांच्या मधोमध.

तक्ता एका नजरेत बोलत होता. कारखान्याच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांच्या काड्यांनी 'उजवीकडे'चा रकाना भरून समासात गेला होता. 'सरळ'मध्ये पाच-सहा, 'डावीकडे'मध्ये जवळजवळ काहीच नाही. त्या ट्रकांना शहरात काही कामच नव्हतं. माल भरायचा, सात नंबरला यायचं, उजवीकडे वळून हायवे गाठायचा आणि नकाशाबाहेर जायचं. माझा बाजार, माझी वस्ती, माझ्या शववाहिन्या, सगळे त्यांच्या रांगेत अडकत होते. मी मात्र दोन महिने चौकाला मुरडत बसलो होतो. कधी सिग्नल, कधी रोटरी, कधी आणखी एक लेन.

त्या रात्री कारखान्याच्या मागच्या अंगाने थेट हायवेपर्यंत वेगळा रस्ता काढायला घेतला. मी डोंगराच्या पायथ्याने सरळ रेघ ओढली. रेघेखाली एक जुनी वस्ती येत होती, शहर वसवलं तेव्हाची पहिलीच, आठ-दहा लहान घरं. गेम अशी घरं लाल करून दाखवतो, पाडायच्या आधी. अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथून वळव."

"वळण आलं तर वेग कमी होईल."

"होऊ दे. ट्रक आहे, रुग्णवाहिका नाही."

वळवला. रस्ता घरांना वळसा घालून गेला, थोडा बेढब दिसतो, वरून बघितलं तर कुणीतरी कोपराने ढकलल्यासारखा. दोन-तीन मिनिटांत ट्रक तिकडे वळायला लागले आणि सात नंबर हळूहळू पिवळा, मग हिरवा झाला. अण्णांनी तोपर्यंत डोळे मिटले होते.

कॅलेंडरचं पान मी फाईलमध्ये लावून ठेवलं. लावताना नीट बघितलं, तर वाहनांचे रकानेही त्यांनी खाली वेगळे आखले होते, पूर्वीच्याच क्रमाने : मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सायकल, बैलगाडी. शेवटच्या रकान्यात काडी नव्हती. खात्यातल्या त्यांच्या जुन्या लफ्फेदार अक्षरात लिहिलं होतं, 'निरंक', आणि त्याखाली सही.